आईबाबांचं न्यूयॉर्कचं तिकीट, नौपाड्यातून
गोखले रोडवरच्या ट्रॅव्हल एजंटकडे गेलो आणि खरंच मस्त अनुभव आला, काकांनी तिकीट दाखवायच्या आधी नीट समजावलं की मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण 12,500 किमी, डायरेक्ट फ्लाइटला 15-16 तास, पण मधे एक स्टॉप घेतला की 20 तासांच्या वर सहज जातं. येताना वारा मागून असतो त्यामुळे वेळ जरा कमी लागतो. तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असतात, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हे तर बाबांना कागदावर लिहूनच दिलं! बाबांचे गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअरची रिक्वेस्टपण टाकली, आम्ही न सांगता. डायरेक्ट थोडं महाग पडलं, पण वयस्कर माणसांसाठी तेच घ्या. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, फोन करून जा.