कावा, आठ महिन्यांनी: केक ठेवा बाजूला, तळण आणा

'कावा' म्हटलं की आपल्याला आधी गनिमी कावाच आठवतो. कॅटलान भाषेत मात्र कावा म्हणजे तळघर, आणि त्या तळघरात मुरलेल्या फसफसत्या वाइनलाही तेच नाव. नोकरीनिमित्त बार्सिलोनात येऊन मला आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत घरात पंचवीसेक बाटल्या तरी उघडल्या असतील (एकटीने नाही, पाहुणे असतात!).

सुरुवातच चुकली. 'सेको' म्हणजे कोरडी, वाइनच्या भाषेत गोड नसलेली, मग 'सेमी-सेको' बेताची गोड असेल, असा हिशेब करून वाढदिवसाला बाटली आणली. लिटरमागे 32 ते 50 ग्रॅम साखर! वर केक. दोन घोटांत तोंड मिटलं. पुढच्या वेळी बरीच कमी गोड असलेली 'ब्रूत' आणली, तर केकपुढे तीच आंबट लागली. इथली जुनी मंडळी रविवारी जेवणानंतर गोडाबरोबर कावा घेतात. त्यांना माझा नमस्कार, पण मला ते जमलं नाही.

आता घेते ती 'ब्रूत नातुरे रेसेर्वा', आठ युरोच्या आसपासची. नातुरे म्हणजे वरून साखर घातलेली नाही, लिटरला 3 ग्रॅमच्या आतच. रेसेर्वा म्हणजे निदान 18 महिने यीस्टच्या गाळासोबत बाटलीत पडून राहिलेली (साध्या कावाला 9 पुरतात). त्या मुरण्याने भाजलेल्या पावाच्या कडेसारखा वास येतो. द्राक्षं बहुतेक माकाबेओ, शारेल्लो आणि पारेयादा. कोदोर्निऊ या वाइन कंपनीच्या जोसेप राव्हेंतोस यांनी 1872 मध्ये बाटलीतच फेस आणून मुरवायची ही पद्धत जिथे रुजवली, ते सांत सादुर्नी गाव इथून लोकल गाडीने तासाभराच्या आत आहे. तिथल्या गार तळघरांत उन्हाळ्यातही अंगावर शाल हवी.

खरी मजा खाण्यात. पिठात घोळवून तळलेले बोकेरोनेस, म्हणजे बोटभर लांबीचे मासे, गरम असतानाच खायचे आणि वर थंड घोट. तेलाचा थर जिभेवरून पुसल्यासारखा जातो आणि पुढचा मासा पुन्हा पहिल्यासारखा लागतो. बटाट्याची तोर्तिया (अंड्याचं जाड ऑम्लेट), हामोन म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, टोमॅटो चोळलेला पाव, सगळ्यांशी जमतं. हिवाळ्यात काल्सोत नावाचे पातीचे कांदे आगीवर काळेकुट्ट भाजतात. वरचं साल ओढून काढायचं, रोमेस्को चटणीत बुडवायचं आणि मान मागे टाकून वरून तोंडात सोडायचं. हात काळे, हनुवटीवर चटणी, आणि तेवढ्यात ग्लास कोणीतरी धरून ठेवायचा.

मग घरी बटाटेवडा करून पाहिला. झकास! लसणाची कोरडी चटणी मात्र चिमूटभरच. झणझणीत रश्शाबरोबर अजिबात घेऊ नका, बुडबुड्यांनी तिखट आणखी भडकतं. श्रीखंडाबरोबरही नाही, केकचाच धडा.

एकदा लवकर गार व्हावी म्हणून बाटली फ्रीझरमध्ये ठेवली आणि विसरले. सकाळी बूच एका कोपऱ्यात, मटारच्या पिशवीवर बर्फाचा पिवळट चुरा. आत कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, हे तेव्हा पटलं. आता बर्फ-पाण्याच्या बादलीत अर्धा तास. उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवते.

उरली तर? तोंडात चमचा अडकवून ठेवायचा उपाय कुचकामी. चिमट्याचं झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत फेस टिकतो. तिसऱ्या दिवशीची मी लसूण परतून शिंपल्यांवर ओतते.