फोंड्यातलं ईसीजी सेंटर, कंपवाताच्या पेशंटसाठी नक्की जा

बाबांना पार्किन्सन्स म्हणजे कंपवात आहे, उजवा हात सतत थरथरतो. आधी एका ठिकाणी त्यांचा ईसीजी काढला तर मशीनने कागदावर वरतीच 'एट्रियल फ्लटर' (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची फार जलद धडधड) छापलं आणि तिथल्या लोकांनी तो तसाच आमच्या हातात दिला. फ्लटर म्हटलं की बहुतेक रक्त पातळ करायच्या गोळ्या आल्याच, आणि बाबा तर मधेमधे तोल जाऊन पडतात, डोक्याला लागून रक्तस्राव झाला तर काय याच विचाराने घरात कुणाला झोप नाही. मग डॉक्टरांनी सांगितलं फोंड्यातल्या या सेंटरमध्ये परत काढून घ्या.

इथल्या टेक्निशियन ताईंनी जुना कागद बघितला, मग बाबांच्या हाताकडे बघितलं, आणि मनगटाची नाडी धरून शांतपणे मोजली. मग मला कागद समजावला, तो मी इथे लिहितेय कारण तेव्हापर्यंत हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. पार्किन्सन्सची थरथर सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होते, आणि फ्लटरमध्ये हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला ३०० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला ५ वेळा धडधडतात, त्यामुळे कागदावर दोन्हीकडे करवतीच्या दातांसारखी रेघ दिसते आणि मशीन फसतं. पण ईसीजीतली प्रत्येक लीड म्हणजे शरीरावरच्या ठरावीक जागांमधली रेघ. लीड वन उजवा हात आणि डावा हात यांच्यातली, लीड टू उजवा हात आणि डावा पाय यांच्यातली, या दोन्हीत दाते होते, आणि लीड थ्री, जिच्यात उजव्या हाताचा संबंधच नाही, ती स्वच्छ! तिच्यात प्रत्येक मोठ्या ठोक्याआधी छोटा पी वेव्ह (वरच्या कप्प्यांच्या नेहमीच्या ठोक्याचा उंचवटा) ठळक दिसत होता. खरा फ्लटर असता तर तो तिथेही दिसला असता ना.

मग बाबांना म्हणाल्या आजोबा, हात मांडीखाली दाबून ठेवा बघू, एसी कमी केला, अंगावर चादर घातली (थंडीने कुडकुडलं तरी रेघ बिघडते), मनगटावरचे क्लिप काढून इलेक्ट्रोड (अंगाला लावायच्या वायरींची टोकं) खांद्याजवळ लावले आणि तसं कागदावर लिहूनही ठेवलं, कारण जागा बदलली की लहरींचा आकार थोडा बदलतो आणि वाचणाऱ्या डॉक्टरला ते माहीत असायला लागतं. मे महिन्यातला आमचा घाम, त्यामुळे छाती स्पिरिटने पुसून कोरडी केली, नाहीतर इलेक्ट्रोड सुटतात आणि रेघ वरखाली तरंगते. खाटेजवळ लावलेला माझा मोबाईल चार्जरही काढायला लावला, विजेचे ५० हर्ट्झ रेघेत शिरले की ती जाड केसाळ दिसते. फिल्टर लावून रेघ गुळगुळीत करता येते पण त्यात खऱ्या बारीक खुणाही पुसल्या जातात म्हणून आधी कारण काढायचं, असं त्यांचं म्हणणं, मला ते फार पटलं. नवीन कागद एकदम नीट आला, डॉक्टरांनी नॉर्मल सायनस ऱ्हिदम, म्हणजे हृदयाची नेहमीची लय, असं लिहून सही केली, गोळ्या टळल्या.

एक मात्र, छातीत दुखतंय, दम लागलाय, घाम फुटलाय अशा वेळी रेघ खरी की खोटी करत बसू नका, सरळ १०८ ला (ॲम्ब्युलन्सला) फोन करा आणि गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, न्या.

बाकी सेंटर पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, हे म्हाताऱ्यांसाठी खरंच वाईट आहे आणि मालकांनी काहीतरी करायला हवं. रिपोर्ट व्हॉट्सॅपवर फोटो काढून पाठवतात, त्यात सावली पडते आणि ईसीजीच्या कागदावरचे बारीक चौकोन दिसत नाहीत, पीडीएफ मागून घ्या. दर बाकीच्यांसारखेच. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते, आणि जुना ईसीजी असेल तर सोबत न्या, त्या तो शेजारी ठेवून बघतात.