तयार कॅम्परव्हॅन की मिस्त्रीकडून बांधून घेतलेली? सोलापुरातल्या दोन गाड्यांचा हिशेब

आमच्या विजापूर रोडच्या गल्लीत सध्या दोन कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येणाऱ्या गाड्या, उभ्या असतात. एक आमची, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या बॉडीवाल्याकडून बांधून घेतलेली. दुसरी धाकट्या भाऊजींची, बाहेरगावच्या कंपनीकडून तयार घेतलेली. दोन्हींच्या खाली फोर्स ट्रॅव्हलरच आहे. इंजिन, गिअर, पाटे सगळं तेच, फरक आहे तो वरच्या घरात. त्यामुळे हल्ली दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन विचारतं, ‘काकू, आम्ही कोणती घेऊ?’ प्रत्येकाला चहाबरोबर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

इंजिन बिघडलं म्हणून आमची किंवा भाऊजींची सहल आजवर एकदाही अडलेली नाही. पुणे-हैदराबाद हायवेवर दर काही मैलांना डिझेलचा मिस्त्री सापडतो, आणि ट्रॅव्हलर उघडलेली नाही असा मिस्त्री सापडणं कठीण. अडलो ते छत गळलं, पंप बसला, कपाटाची बिजागरी निखळली म्हणून. तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा मायलेज आणि पिकअप विचारण्यात वेळ घालवू नका. वरचं घर कुणी बांधलं, कशानं बांधलं आणि बिघडलं तर सोलापुरात कोण हात लावेल, हे विचारा.

सगळ्यात मोठा शत्रू पाणी. आता सोलापूरकराला याचं हसू येईल. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात पाण्याची भीती कसली! पण इथली हवाच फसवते. आठ महिने थेंब पडत नाही, त्या काळात छताची भोकं कळत नाहीत. आणि उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की टपाच्या पत्र्याला हात लावता येत नाही. पत्रा एका मापाने फुगतो, त्यात बसवलेल्या पंख्याची प्लास्टिकची चौकट वेगळ्या मापाने. त्या दोघांच्या मध्ये फट बुजवणारा जो सीलंट असतो तो बिचारा दिवसभर ताणला जातो, रात्री आकसतो. मे महिन्यात तो चिरतो आणि तुम्हाला कळतं सप्टेंबरमध्ये, आपल्याकडचा खरा पाऊस येतो तेव्हा.

भाऊजींनी गाडी जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास आणली. पांढरीशुभ्र, आत मऊ दिवे, ड्रॉवर बोटाने ढकलला की आपोआप बंद. आम्ही सगळे बघतच राहिलो. माझ्या मनात आलंच, आपण उगाच मिस्त्रीच्या नादी लागलो. सप्टेंबरात तुळजापूरला जाऊन आले, रात्रभर पाऊस. सकाळी जाऊबाईंनी हाक मारली. पलंगाच्या डोक्याकडची प्लाय तव्यावरच्या भाकरीसारखी फुगली होती आणि सनमायका कडेने सुटला होता. मी अंगठ्याने दाबलं तर कडेतून पाणी आलं. पंख्याची चौकट काढल्यावर दिसलं की सीलंट फक्त वरून, स्क्रूच्या डोक्यांवर फासला होता. चौकटीच्या खाली काहीच नव्हतं. कंपनीला फोन केला तर उत्तर, ‘गाडी घेऊन या.’ नेली. तीन आठवडे तिकडेच राहिली. घटस्थापनेचा बेत गेला.

आता आमच्या गाडीची बढाई मारायची सोय नाही, कारण दुसऱ्या पावसाळ्यात तीही गळली. उजव्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून. आमच्या मिस्त्रीने बाथरूमच्या टाइल्सना लावतात तो साधा सिलिकॉन लावला होता. तो हलणाऱ्या पत्र्यावर टिकत नाही आणि एकदा लावला की त्याच्यावर रंगही धरत नाही. मिस्त्रीला ते ठाऊकच नव्हतं, तोवर त्याने ट्रकच्या बॉड्या आणि शाळेच्या बस बांधल्या होत्या. पण संध्याकाळी फोन केला तर तो रात्री आठला स्कूटरवरून खरवडायची पत्री आणि टॉर्च घेऊन हजर. ‘ताई, लाकडाला पाणी दिसलं की ते पितंच बघा,’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी खिडकी उतरवली, जुना थर खरवडून काढला, खाली ब्यूटिल टेप म्हणजे चिकट रबरी पट्टी, वरून पॉलीयुरेथेनचा सीलंट. निम्मा दिवस गेला. तेव्हापासून कोरडं आहे. काम भाऊजींच्या गाडीचं जास्त देखणं आहे, यात वाद नाही. पण दुरुस्तीला आमची गाडी चार किलोमीटर जाते, त्यांची चारशे.

हे दुखणं आपल्यापुरतंच आहे असंही नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचा भाग आहे, त्या देशातली बहुतेक फिरती घरं तेवढ्या एकाच परिसरात बनतात. तिथले गाडीमालकही हेच रडतात: छताचे सांधे गळतात, स्क्रू सुटतात, आणि चासीवाला बॉडीवाल्याकडे, बॉडीवाला फ्रीजवाल्याकडे बोट दाखवतो. आपल्याकडेही वॉरंटी अशीच तीन तुकड्यांत असते. करार वाचताना गळतीला किती महिने आहेत ते आधी शोधा. भाऊजींच्या कागदात इंजिनाची वॉरंटी ठळक अक्षरात होती आणि छताची अगदी तळाशी.

लाकूडकामात दोन्ही गाड्यांचे दोष एकमेकांच्या उलटे आहेत. भाऊजींची कपाटं हलक्या बोर्डाची. भुशाच्या बोर्डात कडेला स्क्रू धरत नाही, धक्क्यांनी भोक मोठं होतं. तुळजापूरच्या घाटात वरच्या कपाटाचं दार बिजागरीसकट खाली आलं आणि शेंगा चटणीची बरणी जाऊबाईंच्या मांडीवर. आमच्याकडे दारं सुटायची शक्यता नाही, मिस्त्रीने लोखंडी चौकोनी पाइपाला नटबोल्टने आवळलीत, एकोणीस मिलिमीटरची मरीन प्लाय वापरली आहे. पण त्याचं वजन! मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर पाण्याच्या भरल्या टाक्या, गाद्या, आम्ही दोघं आणि दोन नातवंडं असं सगळं चढवून काटा केला, तेव्हा आरसी बुकावरच्या एकूण वजनाच्या मर्यादेला फक्त १४० किलो कमी होतं. मग मागची भली मोठी लोखंडी शिडी काढली आणि खालची टाकी अर्धीच भरायची असं ठरवलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे गाडी घेताना कुणी सांगत नाही. काटा करायला जेमतेम शे-दोनशे रुपये लागतात. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून घ्या. मागे ओझं जास्त असेल तर टायर आधी बोलतात.

वायरिंगमध्ये मात्र आमचा पुरता पराभव आहे, आणि तो जिवावर बेतता बेतता राहिला. आमचा वायरमन चांगला, घरांची कामं करणारा. त्याच्या डोक्यात २३० व्होल्ट म्हणजे धोका आणि बारा व्होल्ट म्हणजे खेळणं. पण बाराशे वॅटचा इन्व्हर्टर बारा व्होल्टवर चालवला तर बॅटरीतून शंभर अँपिअर ओढले जातात. त्याने गिझरला टाकतात तेवढ्या जाडीची वायर टाकली होती, फ्यूज नव्हताच. नळदुर्गच्या वाटेवर मला जळक्या रबराचा वास आला. गादी उचलली तर वायरचं आवरण मऊ होऊन प्लायला चिकटलेलं. ती सगळी वायर काढून पस्तीस स्क्वेअर एमएमची केबल टाकली आणि बॅटरीच्या वीतभर अंतरावर फ्यूज बसवला. भाऊजींच्या गाडीत हे पहिल्या दिवसापासून होतं: प्रत्येक फ्यूजवर चिठ्ठी, लिथियम बॅटरीला संरक्षणाचा सर्किट बोर्ड, वायरी क्लिपने बांधलेल्या. म्हणून इथे बांधून घेणार असाल तर सुतारकाम आणि पत्राकाम बेलाशक सोलापुरात करा, पण वायरिंग हेच काम नेहमी करणाऱ्या माणसाकडून करून घ्या, त्याला बाहेरून बोलवावं लागलं तरी. गॅसचंही तसंच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. आमच्या मिस्त्रीने ते वरच्या बाजूला पाडलं होतं, ‘वास जायला’.

एसीचा प्रश्न सोलापुरात टाळता येत नाही. भाऊजींच्या टपावर खास वाहनांचा एसी आहे, आमच्याकडे घरगुती एक टनाचा स्प्लिट. घरगुती एसीची तांब्याची नळी आणि तिचे आवळलेले जोड धक्क्यांनी ढिले होतात, गॅस जातो. आमचा वर्षात दोनदा गेला. दोन्ही वेळा सात रस्त्याजवळच्या मेकॅनिकने दुपारी येऊन भरला, दुसऱ्यांदा मध्ये लवचीक नळी टाकून दिली. भाऊजींचा एसी दोन वर्षं छान चालला आणि मग ऐन एप्रिलमध्ये त्याचा सर्किट बोर्ड गेला. तो सोलापुरात मिळत नाही. बोर्ड येईपर्यंत आंब्याचा सीझन सरला. कोणता दोष पत्करायचा हे तुमच्या स्वभावावर आहे. मला वारंवार होणारी छोटी कटकट चालते, एकदाच होणारा मोठा खोळंबा नाही.

आणि विकणारा ‘रात्रभर एसी बॅटरीवर चालेल’ म्हणाला तर लाईट बिलाच्या भाषेत हिशेब मागा. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो. म्हणजे दोन-अडीच तास. टपावर चारशे वॅटची सोलर पॅनेलं असली तरी आपल्या उन्हात दिवसभरात दीड-दोन युनिट मिळतात. पंखा, दिवे, छोटा फ्रीज याला भरपूर. मेमध्ये झोपायला मात्र बाहेरून प्लग मिळेल अशी जागाच शोधावी लागते. आम्ही उन्हाळ्यात सरळ महाबळेश्वरकडे तोंड करतो.

कागदपत्रांत तयार गाडी पुढे आहे, आणि हे हलक्यात घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ गाडीत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. चांगल्या कंपनीची गाडी मंजूर आराखड्यासह, कॅम्पर म्हणून नोंदलेली येते. आम्ही जुनी, पिवळ्या पाटीची ट्रॅव्हलर घेतली होती. ती खासगी करणं, बदलाची मंजुरी, विमा कंपनीला कळवणं, यात आरटीओच्या इतक्या फेऱ्या झाल्या की तिथला चहावाला मला ओळखतो. मिस्त्री म्हणेल, ‘कोण विचारतंय मॅडम.’ अपघात झाल्यावर विमावाला विचारतो.

बाकीचे पर्याय भराभर सांगते. ओढून न्यायची कॅराव्हॅन आपल्यासाठी नाही. नव्या पेठेतून ती वळवून दाखवा, मग बोलू. ईको किंवा बोलेरोच्या मागे काढता-घालता येणारी पेटी, तिच्यात पलंग आणि स्टोव्ह, हा पर्याय मात्र लोक उगाच हसण्यावारी नेतात. छताला भोक पाडायचं नाही म्हणजे गळायचा प्रश्न नाही, आणि बिघडलं तर पेटी उचलून सुताराकडे. पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर, विजयपूर एवढंच फिरणं असेल तर यापेक्षा जास्त लागत नाही. ज्यांना आपल्याला हे जमेल का हीच शंका आहे त्यांनी आधी भाड्याने घेऊन तीन रात्री काढाव्यात. २०२१मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून भाड्याच्या गाड्या मिळणं जरा सोपं झालं आहे. तिसऱ्या दिवशी नवरा-बायको बोलत असतील तर पुढचा विचार.

मग कोणती? नोकरी चालू आहे, वेळ नाही, वर्षातून तीस-चाळीस रात्री बाहेर काढणार आणि कंपनीपर्यंत गाडी नेण्याची तयारी आहे, तर तयार घ्या. ताबा घेण्याआधी त्यांच्याच अंगणात टपावर नळीने अर्धा तास पाणी सोडा आणि आत बसून राहा. नाही म्हणाले तर आगाऊ रक्कम परत मागा. रिटायर झाला आहात, रोज वर्कशॉपवर जाऊन बसायला लाज वाटत नाही, तर बांधून घ्या. मी एक्केचाळीस दिवस तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते, आणि ज्या चार दिवशी लग्नाला लातूरला गेले त्याच दिवसांत खिडकीला तो सिलिकॉन लागला.

भाऊजींच्या पंख्याची चौकट कंपनीतून आल्यावर पुन्हा पाझरली. या वेळी ती आमच्या मिस्त्रीनेच काढून बसवली. कंपनीने लगेच कळवलं की बाहेरच्या माणसाने हात लावला, आता छताची वॉरंटी संपली. तेही आधी विचारून ठेवा.

गाड्या प्रत्यक्ष बघायच्या असतील तर रविवारी सकाळी या, दोन्ही उघडून दाखवते. येताना टॉर्च आणा. गाद्या मी उचलते, खालची प्लाय तुम्ही दाबून बघा.