सोसायटीसमोर काय मागायचं: गतिरोधक, उंच क्रॉसिंग की सिग्नल?

रस्त्यावर कुणाला गाडीने उडवलं की दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर एकच मागणी येते, "इथे स्पीडब्रेकर टाका." अर्ज क्षेत्रीय कार्यालयात जातो आणि नशीब असेल तर डांबराचा एक उंचवटा पदरात पडतो. पण पुणे महापालिकेकडे मागता येण्यासारखं आणखीही काही आहे, आणि सहकारनगरच्या आतल्या रस्त्याला चालेल ते सिंहगड रस्त्याला चालत नाही. त्यामुळे सह्या गोळा करण्याआधी थोडा विचार करा.

गतिरोधक सगळ्यात स्वस्त आणि एका रात्रीत होणारा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने तो न आदळता ओलांडता येतो. त्याच्या थोडं आधी सूचनाफलक आणि गतिरोधकावर रंगाचे पट्टेही हवेत. प्रत्यक्षात गल्लोगल्ली दिसतात ते अरुंद, उभे आणि रंग उडालेले. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसच्या, मागच्या सीटवर बसणाऱ्यांच्या कमरेला ते चांगले ठाऊक आहेत. त्यातली खरी धोक्याची जागा मात्र कडेला असते. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिथे थोडी फट सोडतात आणि दुचाकीवाले वेग न कमी करता नेमके त्या फटीतून जातात. रस्ता ओलांडायला थांबलेला माणूसही नेमका तिथेच उभा असतो!

उंच क्रॉसिंग म्हणजे फूटपाथच्या पातळीला आणलेला झेब्रा. माणसाने खाली उतरायचं नाही, गाडीने वर चढायचं. काठी टेकत चालणाऱ्या आजी, व्हीलचेअर, बाबागाडी, सगळ्यांना सपाट वाट मिळते. गाडीचा वेगही जिथे माणूस ओलांडतो तिथेच कमी होतो, वीस पावलं अलीकडे नाही. वरचा भाग सपाट आणि उतार बेताचा असेल तर बसलाही दणका कमी बसतो. शाळा, दवाखाना, भाजी मंडई यांच्यासमोर मी डोळे झाकून हेच मागेन. अडचणी दोन आहेत. चढाच्या बाजूला पाण्याची जाळी आधी बसवली नाही तर पहिल्याच पावसात तिथे तळं साचतं. आणि दोन्ही बाजूंना चालण्याजोगा फूटपाथ हवा. फूटपाथवर स्कूटर लावलेल्या असतील तर ते क्रॉसिंग माणसाला कुठेच पोचवत नाही.

सिग्नल मोठ्या रस्त्यांसाठी. कर्वे रस्ता किंवा सातारा रस्त्यावर गाड्यांच्या रांगा इतक्या असतात की नुसत्या चढाने भागत नाही. पण सिग्नल मागताना पादचाऱ्यांचे सेकंदही मागा. चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने १८ मीटर रुंद रस्त्याला १५ सेकंद लागतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजोबांना साडेबावीस लागतील. म्हणून दुभाजकात थांबायला सुरक्षित जागा हवीच. जंगली महाराज आणि फर्ग्युसन रस्त्यांसारख्या एकेरी वाहतुकीत एकाच बाजूला बघावं लागतं हे खरं, पण रस्ता मोकळा मिळाला की तिथे वेगही वाढतो.

रस्ता सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात अशा रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा मागितली. नुसत्या फलकाने हा वेग येत नाही, रस्त्याची घडणच तशी करावी लागते. त्यामुळे आतल्या रस्त्याला उंच क्रॉसिंग, हमरस्त्याला थांबण्याच्या जागेसह सिग्नल, आणि फूटपाथच नसलेल्या छोट्या गल्लीच्या तोंडाशी मापातला गतिरोधक, असं माझं मत आहे.

अर्ज पालिकेच्या पथ विभागाकडे करा आणि प्रत वाहतूक पोलिसांना द्या, कारण त्यांच्या संमतीशिवाय काम अडतं. नवले पुलाजवळच्या महामार्गासाठी मात्र राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे जावं लागतं. सदोष रस्त्याची जबाबदारी यंत्रणेवर आणि ठेकेदारावर टाकणारं कलम १९८अ २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आलं आहे, त्याचा उल्लेख जरूर करा. लोक नेमके कुठून आणि किती वाजता ओलांडतात ते लिहा, शाळा सुटतानाचा फोटो जोडा. एक ओळ आणखी घाला: पुढच्या डांबरीकरणात क्रॉसिंगची उंची आणि पट्टे कायम ठेवावेत. डांबराचा नवा थर पडला की चढ बुजतो आणि गाड्या पुन्हा सुसाट जातात.