या महिन्यात संपवलेले गेम, आणि त्यातला एक जो डोक्यातून जातच नाहीये

क्रेडिट्स पूर्ण बघितल्याशिवाय गेम संपला असं मी धरत नाही, आणि या महिन्यात बरेच क्रेडिट्स बघून झाले. सगळे गेम काही वर्षांपूर्वीचे आहेत, नवीन रिलीजच्या मागे मी धावत नाही. मला गेम आवडणार की नाही हे हल्ली एकाच गोष्टीवर ठरतं, समोर बसलेल्या माणसाला अक्कल आहे असं तो गेम धरून चालतो का. मॅपवर शंभर आयकॉन, दर दोन मिनिटांनी बाण, आणि कॅरेक्टर स्वतःशीच बोलत "ती शिडी वापरता येईल बहुतेक" असं सांगत सुटतं, असल्या गेमचा आता खरंच वैताग येतो. त्यामुळे या वेळी ठरवूनच असे गेम निवडले जे तोंड बंद ठेवतात.

पहिला रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. 2018 चा आहे, लुकस पोपचा, ज्याने त्याआधी 2013 मधे पेपर्स, प्लीज केला होता. 1802 मधे लंडनहून पूर्वेकडे निघालेलं व्यापारी जहाज गायब होतं आणि 1807 मधे फालमथ बंदरात वाहत परत येतं, वर जिवंत माणूस एकही नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीकडून आलेले विम्याचे तपासनीस. हातात एक वही आणि एक खिशातलं घड्याळ. प्रेताजवळ जाऊन घड्याळ उघडलं की आधी काळ्या स्क्रीनवर नुसते आवाज येतात, कोणीतरी ओरडतंय, कोणीतरी शिव्या देतंय, लाकूड मोडतंय, आणि मग तो मरणाचा क्षण जागच्या जागी गोठलेला दिसतो आणि आपण त्यात फिरून बघायचं. एकूण 60 माणसं. प्रत्येकाचं नाव काय, तो कसा मेला, कोणी मारलं, हे सगळं आपण भरायचं.

आता यातली खरी करामत अशी की तीन जणांचं सगळं बरोबर आलं की मगच गेम ते पक्कं करतो, तोपर्यंत बरोबर का चूक अवाक्षर काढत नाही. म्हणजे एकेकाला ठोकून ठोकून अंदाज लावता येत नाही, थोडीफार खात्री असल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. वहीतल्या चित्रात ज्याचा चेहरा अजून धूसर आहे त्याला ओळखण्याइतकी माहिती आपल्याकडे आलेली नाही, एवढी एकच मदत आणि तीसुद्धा किती सभ्य मदत आहे बघा. बाकी सगळं डोळे आणि कान. कोण कुठल्या हेलात बोलतोय, कोणाच्या हातात कुठल्या कामाचं हत्यार आहे, कोण कोणाच्या शेजारी नेहमी उभा असतो. खलाशांच्या यादीत देश लिहिलेले आहेत, इंग्लंड, रशिया, चीन, भारत, आणि सुरुवातीला वाटतं हे काय कामाचं, नंतर कळतं की अर्धा गेम त्या एका रकान्यात आहे.

एक जागा सांगते, ज्यांना खेळायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडा. खालच्या डेकवर खलाशांचे झोपायचे झुले टांगलेत, त्यांवर नंबर आहेत, आणि ते नंबर यादीतल्या नंबरांशी जुळतात. पण झोपलेल्यांचे चेहरे दिसत नाहीत, पाय तेवढे बाहेर आलेले दिसतात. मग काय, पाय बघायचे, पायात काय घातलंय ते बघायचं, आणि दुसऱ्या कुठल्यातरी प्रसंगात, जिथे वादळ चाललंय आणि सगळे जीव मुठीत धरून पळतायत, तिथे सगळ्यांच्या पायांकडे बघत फिरायचं. हे जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली. हे कोणी सांगितलेलं नव्हतं, कुठे चमकत नव्हतं, माझं मला सापडलं होतं.

दिसायला सगळं दोन रंगांत आहे, जुन्या मॅकिंटॉशच्या स्क्रीनसारखं, सेटिंगमधे इतर जुन्या मॉनिटरचे रंगही निवडता येतात. पहिली काही मिनिटं डोळ्यांना जड जातं, मग सवय होते. तक्रार एकच, जुना प्रसंग परत बघायचा तर त्या प्रेतापर्यंत चालत जावं लागतं, शेवटी शेवटी जेव्हा एकच कॉलर नाहीतर एकच टोपी तपासायची असते तेव्हा हे वरखाली करणं जाम कंटाळवाणं होतं.

त्यानंतर डोकं जरा मोकळं करायला रेसिडेंट इव्हिल 4, म्हणजे 2023 चा रीमेक. मूळचा 2005 चा. याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी फार लिहीत नाही, पण गावातली पहिली मारामारी मात्र मला या यादीत बरोबर बसली. चारही बाजूंनी लोक येतायत, खिडकीला शिडी लावून चढतायत, करवत घेऊन एक जण मागे लागलाय, गोळ्या संपत आल्यात, आणि गेम तुम्हाला सांगत नाही की सगळ्यांना मारायची गरजच नाहीये, जीव वाचवून टिकून राहा, मग चर्चची घंटा वाजते आणि सगळे हातातलं टाकून निघून जातात. ती घंटा ऐकली तेव्हा हात घामेजलेले होते. सुरीने वार अडवायची सोय रीमेकमधे आलीये आणि ती सुरी झिजते, त्यामुळे प्रत्येक वेळी मनात हिशोब चालू राहतो की आता अडवू का पळू. आणि ती सामानाची बॅग, चौकोन जुळवून बंदुका आणि औषधं बसवायची, त्यात मी नको इतका वेळ घालवला आणि मजा आली. शेवटचं बेट मला गाव आणि किल्ल्याच्या मानाने फिकं वाटलं, तिथे भीती संपते आणि नुसता गोळीबार उरतो.

सेलेस्ट बद्दल माझा समज होता की हा फक्त बोटांचा गेम आहे, उडी, डॅश, भिंत पकडणं, मरणं, परत सुरू. आहेच तसा. पण यातलं मरण इतकं झटपट आहे की राग यायला वेळच मिळत नाही, मेलात की त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला लगेच उभे, आणि प्रत्येक स्क्रीन हे एक छोटं कोडं, आधी डोळ्यांनी सोडवायचं मग बोटांनी. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढतेय आणि तिच्या मनातली शंका आरशातून बाहेर पडून तिच्यासारखीच दिसणारी दुसरी होऊन मागे लागते. चौथ्या चॅप्टरमधे रोपवे मधेच अडकतो आणि तिला पॅनिक अटॅक येतो. तिथे वाटेत भेटलेला थिओ तिला सांगतो की एक पीस डोळ्यांसमोर आण, श्वासाने ते तरंगत ठेव. स्क्रीनवर खरंच एक पीस येतं, बटण दाबलं की वर जातं, सोडलं की खाली, आणि आपण ते एका चौकटीत सांभाळायचं. बस, एवढंच. पण त्याआधी एवढा वेळ बोटं आवळून खेळत आलेलो असतो की ते बटण हळू दाबताना आपलाही श्वास हळू होतो, आणि पुढे हेच पीस परत येतं तेव्हा त्याचं काय होतं ते मी सांगणार नाही.

अजून एक, यातला असिस्ट मोड. गेमचा वेग कमी करता येतो, दम न संपण्याची सोय आहे, मरायचंच नाही असंही करता येतं. आणि हे कुठेही टोमणा न मारता दिलंय, ट्रॉफी काढून घेत नाहीत की "सोप्पा मोड" म्हणून हिणवत नाहीत. ज्यांना असं वाटतं की याने गेमची इज्जत जाते त्यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. कोणाची बोटं कशी चालतात हे ज्याचं त्याला माहीत असतं, गेमने एवढा विश्वास ठेवायलाच पाहिजे. मी डोंगराचा शेवटचा टप्पा, जिथे वर जाताना 30 पासून उलटे मोजलेले झेंडे लागतात, तो असिस्ट न लावता केला कारण मला तसाच करायचा होता. लीना रेनचं संगीत त्या चढाईत जसं एकेक थर चढवत जातं ते ऐकण्यासाठी तरी तो भाग हेडफोन लावून खेळा.

व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच हा दोन-तीन तासांत संपतो, एका बैठकीत होतो. 2017 चा गेम, 2018 मधे त्याला सर्वोत्तम गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. एका विचित्र घरात कुटुंबातला प्रत्येक जण कसा गेला त्याची एकेक गोष्ट, आणि प्रत्येक गोष्ट खेळायची पद्धत वेगळी. सगळ्या गोष्टी मला सारख्या आवडल्या नाहीत, एकदोन नुसत्या येऊन गेल्या. पण लुईसची गोष्ट. तो माशांच्या कारखान्यात कामाला आहे, उजव्या हाताने मासा उचलायचा, पात्याखाली सरकवायचा, मुंडकं उडालं की पुढे टाकायचा, परत पुढचा मासा. आणि त्याच वेळी डाव्या हाताने त्याच्या मनातल्या राज्यात चालायचं. आधी ते राज्य स्क्रीनच्या एका कोपऱ्यात छोटंसं असतं, मग पसरत जातं, रंग येतात, गाणी येतात, आणि कधीतरी लक्षात येतं की मासे आपण केव्हापासून न बघता कापतोय. उजवा हात आपोआप चाललाय. एखाद्याचं मन कामावरून कसं निघून जातं हे वाचून किंवा बघून कळलं असतं, इथे ते माझ्या स्वतःच्या हातात झालं. हे फक्त गेमच करू शकतो, आणि यासाठी मी हा गेम कोणालाही, ज्याने आयुष्यात कंट्रोलर धरला नाही त्यालासुद्धा, खेळायला सांगेन. फक्त घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर आत्ता नको, नंतर खेळा.

आणि मग आउटर वाइल्ड्स.

2019 चा आहे, मोबियस डिजिटलचा, मूळचा अ‍ॅलेक्स बीचमचा कॉलेजमधल्या शिक्षणाचा प्रोजेक्ट. एक छोटीशी सूर्यमाला, एक लाकडी पत्र्याचं खटारा यान, आणि 22 मिनिटं. 22 मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळं संपतं, आणि तुम्ही परत त्याच शेकोटीपाशी जागे होता. यात लेव्हल नाही, नवीन हत्यार नाही, यान शेवटपर्यंत तेच, जेटपॅक तेच. पहिल्या मिनिटाला जे तुमच्याकडे आहे तेच शेवटच्या मिनिटाला. फरक फक्त तुम्हाला काय माहितीये त्याचा. सगळं माहीत असलेला माणूस हा गेम एका फेरीत संपवू शकतो, आणि तरी मला त्यासाठी महिन्यातल्या कितीतरी रात्री लागल्या आणि त्यातली एकही वाया गेली असं वाटलं नाही.

ग्रह सगळे घड्याळावर चालतात हे यातलं सगळ्यात सुंदर. ब्रिटल हॉलो पोकळ आहे, त्याच्या पोटात कृष्णविवर आहे, आणि जसजसा वेळ जातो तसे जमिनीचे तुकडे सुटून आत पडतात, म्हणजे जी इमारत पाचव्या मिनिटाला पायाखाली आहे ती पंधराव्या मिनिटाला नसेल. अवरग्लास ट्विन्स हे दोन जुळे ग्रह, एकाची वाळू दुसऱ्यावर ओतली जात असते, त्यामुळे एकीकडच्या गुहा भरत जातात आणि दुसरीकडे वाळूखाली गाडलेलं हळूहळू उघडं पडत जातं. तर कुठे जायचं इतकंच नाही, केव्हा जायचं हेही आपणच शोधायचं. गुहेत वाचत बसलेय आणि पायाशी वाळू वर येतेय, अजून एक ओळ वाचू का निघू, असं किती वेळा झालं. भिंतींवरचं लिखाण आधी होऊन गेलेल्या नोमाई लोकांचं, ते आपापसात वाद घालतात, एकमेकांची चेष्टा करतात, शास्त्रज्ञ आहेत पण माणसासारखे बोलतात, आणि ते कधीच नाहीसे झालेत हे माहीत असूनही मला त्यातल्या काही जणांची नावं पाठ झाली, त्यांची काळजी वाटायला लागली.

यानात एक लॉग आहे, त्यात सापडलेल्या गोष्टी दोऱ्यांनी जोडलेल्या दिसतात आणि एखाद्या जागी अजून काही शिल्लक असेल तर तेवढं तो सांगतो. काय शिल्लक आहे ते सांगत नाही. किती मदत करायची आणि कुठे थांबायचं याचा इतका नेमका अंदाज मी दुसऱ्या कुठल्या गेममधे बघितलेला नाही.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगितल्याने बिघडणार नाही. तुमच्याकडे एक सिग्नलस्कोप असतो, दुर्बिणीसारखा पण आवाज पकडणारा. वेगवेगळ्या ग्रहांवर तुमच्यासारखेच प्रवासी बसलेत, कोणी बँजो वाजवतंय, कोणी बासरी, कोणी ढोल, कोणी हार्मोनिका, कोणी नुसती शीळ. स्कोप एकाकडे धरला की एकच वाद्य. पण लांब जाऊन, सूर्यमालेच्या कडेला थांबून, सगळ्यांकडे एकदम धरला की कळतं ते सगळे एकच धून वाजवतायत, प्रत्येक जण आपापल्या जागी एकटा. अँड्र्यू प्राहलोचं संगीत आहे. मी मिशन बिशन सोडून नुसती तिथे तरंगत राहिले, स्फोट होईपर्यंत.

कठीण जागा आहेतच. यान उतरवायला शिकेपर्यंत बरंच आपटावं लागतं, सूट न घालता दार उघडलं की खेळ खलास, आणि डार्क ब्रॅम्बल नावाच्या ग्रहात मला इतकी भीती वाटली की तिथे जायचं मी शेवटपर्यंत टाळलं. काही लोक पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत "करायचं काय नेमकं" म्हणून सोडून देतात, आणि ते मला समजू शकतं, सुरुवातीला गेम खरंच काही सांगत नाही. अडलात तर एवढंच करा, एका ग्रहावर डोकं आपटत बसू नका, उठा आणि दुसरीकडे जा, उत्तर बहुतेक वेळा तिसऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. आणि काहीही झालं तरी नेटवर शोधू नका. माहिती हीच यातली एकमेव कमाई आहे, ती दुसऱ्याकडून घेतलीत तर खेळायला काही उरत नाही, आणि हा गेम पहिल्यांदा एकदाच खेळता येतो.

त्यानंतर काही दिवस दुसरं काही सुरूच करता आलं नाही. शेवटी अ शॉर्ट हाइक लावला, हा पण 2019 चा, क्लेअर नावाची छोटी पक्षीण फोनला रेंज मिळावी म्हणून डोंगराच्या टोकावर जाते, वाटेत सोनेरी पिसं गोळा करायची, जितकी पिसं तितकं उंच चढता येतं. दीड-दोन तासांत संपतो. वरून उडी मारून पंख पसरून अख्ख्या बेटावर तरंगत खाली येणं इतकं मोकळं वाटतं की संपल्यावरही मी ते परत परत करत बसले. दमलेल्या आठवड्यानंतर खेळायला याच्याइतका चांगला गेम मला माहीत नाही.

आउटर वाइल्ड्सचं 2021 चं एक्स्पान्शन, म्हणजे नंतर आलेला जोडभाग, इकोज ऑफ द आय, माझं अजून बाकी आहे. त्यात अंधार आणि भीती जास्त आहे असं सगळे म्हणतात, पण सेटिंगमधे भीती कमी करायचा पर्याय दिलेला आहे, तो चालू करून पुढच्या महिन्यात पहिला तोच घेणार.