घरात दोन रिटेनर: एक दातांचा, एक सीएंचा

लेकीच्या ब्रेसेस निघाल्या आणि त्याच आठवड्यात वागळे इस्टेटमधल्या माझ्या युनिटचे सीए म्हणाले, "आता महिन्याचं रिटेनर, म्हणजे दरमहा ठरावीक फी, ठरवून टाकू." दोन्हीकडे निवड करायची होती.

आधी दात. ब्रेसेस काढल्या तरी हिरड्यांतले तंतू दातांना जुन्या जागी ओढतच असतात. ते नव्या जागेला सरावायला वर्षभरही लागतं. तोवर दात धरून ठेवायला रिटेनर.

पारदर्शक रिटेनर चटकन दिसत नाही, कॉलेजच्या पोरी त्यावरच भाळतात. पण खाताना तो काढावा लागतो. मामलेदारची मिसळ तशीच खाल्ली तर हळदीने पिवळा, वर कटिंग प्यायली तर उष्णतेने वाकडा. आणि काढून कागदी नॅपकिनमध्ये ठेवला की ताटाबरोबर कचऱ्यात जातो. डबी जवळ हवीच.

चिकटवलेल्या तारेला विसरायची भानगडच नाही. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, दातांच्या आतल्या बाजूने. पण खालच्या दातांमागे लाळग्रंथींची तोंडं असतात, तिथे टार्टर (दातांवरचा कडक थर) मुळातच लवकर साचतं. फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) तारेखालून ओवावा लागतो, रोज. शिवाय एखादा सांधा गुपचूप सुटतो आणि तेवढाच दात सरकतो, कळतं उशिरा.

गुलाबी प्लेटवाला जुना हॉली रिटेनर टिकाऊ, डॉक्टरांना तो घट्ट-सैलही करता येतो. पण पहिले काही दिवस 'स' धड उच्चारता येत नाही. लेकीने डेमो पाहूनच तोंड फिरवलं.

ती चष्माही रिक्षात विसरते. म्हणून खाली तार. वर पारदर्शक, कारण तिच्या चाव्यात खालचे दात वरच्या तारेवर आपटले असते.

सीएंचं गणित सोपं निघालं. जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) दर महिन्याच्या 11 तारखेला, 3बी (कर भरायचं रिटर्न) 20 तारखेला: अशी ठरलेली कामं असतील तर रिटेनर परवडतो. वार्षिक उलाढाल 5 कोटींपर्यंत असेल, तर रिटर्न तिमाही भरता येतात (कर मात्र महिन्याला), मग कामागणिक फी स्वस्त पडू शकते. आमच्या गिऱ्हाइकांना बिलं पोर्टलवर महिन्याच्या महिन्याला दिसायला हवीत, म्हणून मी रिटेनर घेतला.

सही करण्याआधी एवढंच विचारलं, "नोटिशीचं उत्तर यात धरलंय का?" सीए हसले, मसुदा परत घेतला आणि एक ओळ वाढवली: उत्तर धरलंय, अपील वेगळं.