मांडूक्य की तैत्तिरीय? परब्रह्माचा अभ्यास कुठून सुरू करावा

नागपुरात उपनिषदांचं वाचनमंडळ काढायचं ठरलं की पहिली बैठक बहुधा मांडूक्य उपनिषदापासून सुरुवात करायची की तैत्तिरीयापासून, याच वादात जाते. मांडूक्याची बाजू मांडणाऱ्याचं काम सोपं असतं: मंत्र अवघे 12, शिवाय मुमुक्षूला, म्हणजे मोक्षाची ओढ असलेल्याला, हे एकटंच पुरे, अशी मुक्तिकोपनिषदाची शिफारस.

शिफारस खरी, पण ती मुमुक्षूसाठी आहे. नुसते मंत्र वाचून काही उलगडत नाही; गौडपादाचार्यांच्या कारिका, म्हणजे मंत्रांचा अर्थ उलगडणारे श्लोक, घ्याव्याच लागतात, आणि त्या 215 आहेत. पहिल्या प्रकरणातल्या 29 निभतात. दुसऱ्या, वैतथ्य (मिथ्यात्व) प्रकरणात जागृती आणि स्वप्न एकाच मापाने मोजायला लागले की ‘मग जग खोटंच का?’ इथे मंडळ अडतं. 100 कारिकांच्या अलातशांती या शेवटच्या प्रकरणापर्यंत फार थोडे टिकतात.

हेही चालवून घेता येईल. खरी डोकेदुखी तुरीयाची, म्हणजे जागृती, स्वप्न आणि गाढ झोप यांच्यानंतर मांडूक्य ज्याला ‘चौथा’ म्हणतं त्याची. मे महिन्यात कूलरसमोर लागलेली दुपारची गाढ झोप म्हणजे प्राज्ञ (तिसऱ्या अवस्थेतला आत्मा), हे लगेच पटतं. मग तुरीय म्हणजे त्याहून गाढ काहीतरी असणार, अशी समजूत होते आणि चर्चा ध्यानातल्या अनुभवांवर घसरते. सातवा मंत्र अंतःप्रज्ञ (आतलं जाणणारं) नाही, बहिष्प्रज्ञ (बाहेरचं जाणणारं) नाही, प्रज्ञानघनही (नुसती एकवटलेली जाणीवही) नाही, असं एकेक खोडत जातो, तरीही. तुरीय तिन्ही अवस्थांत आहेच, त्यांच्या रांगेत नाही, हे दर बैठकीला नव्याने सांगावं लागतं.

तैत्तिरीयातली भृगुवल्ली, म्हणजे त्याचा तिसरा भाग, इथे जास्त सोयीची वाटते. तिच्यात भृगू आपल्या बापाला, वरुणाला, ब्रह्म म्हणजे काय ते विचारतो. वरुण आधी कसोटी हातात देतो: ज्यापासून भूतं जन्मतात, ज्याने जगतात, ज्यात परततात, ते ब्रह्म. उत्तर सांगत नाही. तप कर म्हणतो. भृगू अन्न, प्राण, मन, विज्ञान असं एकेक ठरवून चार वेळा परत येतो आणि बाप एकदाही ‘चुकलास’ म्हणत नाही. आनंद कळल्यावर मात्र तो विचारायला येत नाही. मंडळातल्या अर्धवट उत्तरांनाही इथे जागा मिळते.

अडचण इथेही आहे. ब्रह्मानंदवल्लीतला (तैत्तिरीयाच्या दुसऱ्या भागातला) आनंदमय शंकराचार्यांच्या मते पाचवा कोश, म्हणजे आत्म्यावरचं आवरण, ब्रह्म त्याचं अधिष्ठान. रामानुजाचार्यांच्या मते आनंदमय हेच परब्रह्म. तेव्हा कुठलं भाष्य घ्यायचं ते आधी ठरवावं. दोन्ही एकदम उघडली तर एक अनुवाक (वल्लीतला छोटा खंड) महिनाभर पुरतो. धंतोलीच्या रामकृष्ण मठात पुस्तकं चाळताना पदच्छेद (शब्द सुटे करून) आणि अन्वय (वाक्यक्रम लावून) दिलेली प्रत शोधावी.

क्रम असा ठेवावा: भृगुवल्लीचे पहिले सहा अनुवाक, मग ब्रह्मानंदवल्लीचे नऊ, शेवटी भृगुवल्लीचे उरलेले चार. शिक्षावल्ली, म्हणजे तैत्तिरीयाचा पहिला भाग, नंतर घेणं परंपरेतल्या लोकांना कदाचित रुचणार नाही, पण अडत काही नाही. ते शेवटचे चार मात्र गाळू नयेत: अन्नाची निंदा करू नये, आसऱ्याला आलेल्या कुणाला परतवू नये, अशी व्रतं आनंदाच्या लगेच पुढे येतात. मांडूक्य त्यानंतर घ्यावं, तेही पहिल्या प्रकरणापुरतं.